थंडी सुरू झाली, हमिंगबर्डचा फीडर उतरवायचा का?

ऑक्टोबर लागला की उत्तर अमेरिकेत ज्यांच्या गॅलरीत किंवा अंगणात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचा फीडर टांगलेला असतो, त्या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. हा आता उतरवायचा की राहू द्यायचा? न्यू जर्सीतली आत्या फोनवर सांगते, "काढून ठेव गं, खायला मिळत राहिलं तर ते दक्षिणेला जाणारच नाहीत." इकडे सिॲटलमधली शेजारीण सांगते, "काढू नकोस, उपाशी मरतील." दोघी मायेनंच सांगतात. पण आत्याची भीती निराधार आहे, आणि शेजारणीचं म्हणणं तिच्या गावापुरतं बरंचसं खरं आहे.

उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: तुमच्याकडे येणारा पक्षी कोणता, आणि तुमच्याकडची हिवाळ्यातली रात्र किती लांब. थर्मामीटरचा आकडा त्यानंतर बघायचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा करते. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, भारतात एकही नाही. आपल्याकडे जास्वंदीच्या, पांगाऱ्याच्या फुलात चोच घालणारा चिमुकला चमकदार पक्षी म्हणजे शिंजीर. त्याचं कूळ वेगळं, आणि तो बहुतेक वेळा फांदीवर बसूनच मध पितो. शिंजिरासाठी फीडर टांगायची गरज नाही. थंडी सरता सरता काटेसावर, पांगारा, पळस एकामागून एक फुलतात, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे हिवाळ्याची रात्र फार लांबत नाही. पुण्यात डिसेंबरमधला सगळ्यांत छोटा दिवससुद्धा 11 तासांच्या आसपास असतो. सिॲटलमध्ये तो साडेआठ तासांहूनही लहान असतो. पुढे जे सांगणार आहे त्याचा पाया हाच फरक आहे.

जाणारे आणि राहणारे

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, म्हणजे न्यू जर्सी, बॉस्टन, अटलांटा, टोरांटो या सगळ्या पट्ट्यात घरटी करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम 3 ग्रॅम. ऑगस्टमध्ये बागा फुललेल्या असतात, किडे मुबलक असतात, फीडर भरलेले असतात, आणि नेमके तेव्हाच याचे प्रौढ नर निघायला लागतात. मागून माद्या जातात, शेवटी त्या वर्षी जन्मलेली पिल्लं. खाणं संपलं म्हणून ते निघत असते तर ऑगस्टमध्ये कुणी जागचं हललंच नसतं. त्यांना हलवतो तो रोज थोडा थोडा कमी होणारा दिवसाचा उजेड. दिवस आखूड व्हायला लागला की शरीरात बदल सुरू होतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते, आणि 3 ग्रॅमचा पक्षी 6 ग्रॅमच्या जवळ जातो.

ही चरबी हौसेची नसते. वाटेत मेक्सिकोचं आखात आहे. सुमारे 800 किलोमीटर नुसतं पाणी, बसायला जागा नाही, प्यायला फूल नाही. यांतले पुष्कळ पक्षी ते एका दमात, साधारण 20 तास सलग उडून पार करतात. पिल्लांना तर वाट दाखवायलाही कुणी नसतं. पहिलाच प्रवास, तोही एकट्यानं. अशा वेळी तुमचा फीडर त्यांना अडवून धरत नाही, तो वाटेची शिदोरी देतो. म्हणून पूर्वेकडच्यांनी करायचं ते सोपं आहे: शेवटचा पक्षी दिसला त्या दिवसापासून आणखी दोन आठवडे फीडर चालू ठेवायचा. कॅनडातून उशिरा निघालेला एखादा थकलेला प्रवासी तुमच्या गॅलरीत उतरण्याची शक्यता असतेच.

आणि नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत हमिंगबर्ड दिसलाच, तर "माझ्यामुळे हा अडकला" असं मनाला लावून घेऊ नका. इतक्या उशिरा पूर्वेला दिसणारा पक्षी पुष्कळदा रुबी-थ्रोटेड नसतोच. तो पश्चिमेकडून भरकटत आलेला रूफस जातीचा असू शकतो. रूफस उन्हाळ्यात थेट अलास्कापर्यंत घरटी करतो, त्यामुळे गारठा त्याला नवा नाही. त्याच्यासाठी फीडर चालू ठेवा आणि नीट बघून नोंद करा. पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यास करणाऱ्या मंडळींना अशा उशिराच्या पाहुण्यांची नोंद फार मोलाची वाटते.

पश्चिम किनाऱ्यावर गोष्ट पूर्ण बदलते. इथला ॲनाज हमिंगबर्ड स्थलांतर करून दूर जात नाही, वर्षभर इथेच राहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा भागात घरटी करायचा. मग कॅलिफोर्नियात निलगिरीची झाडं आली, शहरांमध्ये बाराही महिने फुलणाऱ्या बागा आल्या, घरोघरी फीडर टांगले गेले, आणि त्यांच्या आधारानं हा पक्षी उत्तरेला सरकत गेला. 1960 च्या दशकात तो सिॲटलला पोचला. 2017 मध्ये व्हँकुव्हरनं त्याला आपला शहरपक्षी म्हणून निवडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्यांना फारसा विचार करावा लागत नाही, तिथे पाणी गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते. फीडर वर्षभर लावा, स्वच्छ ठेवा, एवढं पुरे. ह्यूस्टनकडेही आखाताच्या काठी काही जाती हिवाळा काढतात, तिथेही एखादा फीडर राहू द्यावा. खरी कसोटी पोर्टलंड, सिॲटल, व्हँकुव्हर या ओल्या, अंधाऱ्या हिवाळ्याच्या पट्ट्यात लागते. मी याच भागात राहते, त्यामुळे पुढचं बरंचसं इथलंच सांगणार आहे.

साडेपंधरा तासांची रात्र

ॲनाज हमिंगबर्डचं वजन साधारण 4 ते 5 ग्रॅम. शरीर जितकं लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, आणि तितकी ऊब लवकर निसटते. या पक्ष्याला आपल्या अंगाचं तापमान दिवसा 40 अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं असतं. त्यातून त्याचं उडणं म्हणजे एका जागी हवेत स्थिर राहणं, सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा पंख मारत. प्राण्यांच्या जगात इतकं खर्चीक जगणं फार थोड्यांच्या वाट्याला आलंय.

मोकळ्यावर राहणाऱ्या ॲनाज हमिंगबर्डचा दिवसाचा खर्च शास्त्रज्ञांनी मोजलाय. तो 30 किलोज्यूलच्या थोडा वर भरतो. साखरेच्या भाषेत सांगायचं तर रोजची सुमारे 2 ग्रॅम साखर. आपल्याला ती चिमूटभर वाटेल, पण फीडरमधल्या पातळ साखरपाण्यातून ती मिळवायची तर 10-11 मिलिलिटर प्यावं लागतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. अर्थात तो एकट्या साखरपाण्यावर जगत नाही. चिलटं, छोटे कोळी, मावा हे त्याचं खरं पौष्टिक जेवण आहे, प्रथिनं तिथून मिळतात. साखर हे जळण. आणि ते जळण किती तातडीनं वापरलं जातं बघा. सकाळी उठल्यावर पक्षी रात्रीच्या उरल्यासुरल्या चरबीवर उडत असतो. पहिले काही घोट पोटात गेल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या उड्डाणाची जवळजवळ सगळी ऊर्जा नुकत्याच प्यायलेल्या साखरेतून यायला लागते. साठवायचं आणि मग वापरायचं, इतका वेळ दिवसा त्याच्याकडे नसतोच.

आता डिसेंबर आठवा. सिॲटलला सूर्य सकाळी आठच्या जरा आधी उगवतो आणि दुपारी सव्वाचारनंतर लगेच मावळतो. संपूर्ण दिवसाची आणि साडेपंधरा तासांच्या रात्रीची तरतूद त्याला त्या साडेआठ तासांत करायची असते, तीही फुलं नसताना. मावळतीच्या आधीच्या तासात फीडरवर झुंबड उडते ती यासाठी. तो पोटभर पितो, एखाद्या दाट सदाहरित झाडात शिरतो, पिसं फुलवून चोच वर करून बसतो. तिथून पुढे उजाडेपर्यंत त्याला काहीही मिळणार नसतं.

तरतूद कमी पडली तर त्याच्याकडे एक शेवटचा मार्ग असतो. इंग्रजीत त्याला टॉर्पर म्हणतात, आपण त्याला गुंगी म्हणू. ही साधी झोप नव्हे. शरीर ठरवून आपलं तापमान खाली आणतं. ॲनाज हमिंगबर्डच्या अंगाचं तापमान 41-42 अंशांवरून थेट 9 अंशांच्या आसपास उतरू शकतं. उडताना मिनिटाला हजारच्या घरात जाणारे हमिंगबर्डच्या हृदयाचे ठोके गुंगीत 50 पर्यंत खाली येऊ शकतात. ऊर्जेचा खर्च दहा टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो. अँडीज पर्वतातल्या ब्लॅक मेटलटेल या जातीच्या गुंगीतल्या पक्ष्याचं तापमान 3.3 अंश इतकं खाली गेल्याची नोंद 2020 साली प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या जगात याहून थंड शरीर तोवर कुणी मोजलं नव्हतं.

हे सगळं "एक तर जाग, नाहीतर गाढ गुंगी" अशा दोनच टोकांचं असतं असं बरीच वर्षं मानलं जायचं. अनुषा शंकर या भारतीय संशोधिकेनं सहकाऱ्यांसोबत ॲरिझोनातल्या हमिंगबर्डवर रात्रभर इन्फ्रारेड कॅमेरे रोखून बघितलं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून दिसलं की मधली एक उथळ गुंगीही असते, आणि काही पक्षी एकाच रात्रीत या पायऱ्या वर-खाली करतात. मला हे काम फार आवडतं. शिल्लक किती आणि रात्र किती उरली याचा हिशेब इतकं छोटं शरीर झोपेतही करत राहतं, हे त्यात डोळ्यांनी दिसतं.

पण गुंगी फुकट मिळत नाही. त्या अवस्थेत पक्षी पळू शकत नाही, घुबड किंवा मांजर आलं तर संपलं. बाहेरचं तापमान त्याच्या किमान पातळीच्याही खाली गेलं, तर गुंगीतसुद्धा अंग तेवढं तरी उबदार ठेवायला चरबी जाळावी लागते. आणि सगळ्यांत मोठा खर्च येतो पहाटे. थंडगार शरीर पुन्हा 40 अंशांवर आणायला उडण्याचे स्नायू थरथरवत ठेवावे लागतात. त्यात वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि उरलेली बरीचशी शिल्लकही. म्हणजे हमिंगबर्डच्या दिवसातला सगळ्यांत कंगाल क्षण म्हणजे पहाट. तेव्हा तो कालच्या ओळखीच्या फीडरवर येतो. तिथे बर्फाचा गोळा लटकत असेल, तर दुसरीकडे शोध घ्यायला लागणारी ताकद त्याच्याकडे उरलेली नसू शकते.

थंडीतला फीडर म्हणजे मुख्यतः उजाडतानाचा आणि मावळतानाचा फीडर. दुपारी तो तासभर रिकामा राहिला तर पक्षी निभावून नेतो. सकाळी सातला तो गोठलेला असेल तर निभावणं कठीण.

साखरपाणी किती गोड

प्रमाण सोपं आहे. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. त्याच वाटीनं मोजायचं, वजनाच्या काट्याची गरज नाही. ढवळून साखर विरघळली की झालं, कोमट पाणी घेतलं तर उकळायचीही आवश्यकता नाही. पाक करायचा नाही, एकतारी तर मुळीच नाही. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं. हे प्रमाण कुणी सहज ठरवलेलं नाही. हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांतल्या मधाची गोडी साधारण याच पट्ट्यात असते, आणि त्या मधातली मुख्य साखर आपल्या डब्यातलीच असते.

मराठी घरांत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: गूळ घालू नका. "पांढरी साखर वाईट, गूळ पौष्टिक" हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की पक्ष्यालाही चांगलंच द्यावं असं वाटतं. पण गुळात, काकवीत आणि तपकिरी साखरेत लोह असतं. हमिंगबर्डच्या शरीराला अगदी थोडं लोह लागतं, जास्तीचं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठत जातं आणि जीवावर बेततं. मधही नको, पाण्यात मिसळल्यावर तो लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. पिठीसाखरेत मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, तीही नको. डायबेटिसवाल्यांची गोळी तर चुकूनही नको. तिच्यात गोडी आहे पण जळण नाही, पक्षी पोट भरून उपाशी राहील. लाल रंगाचीही गरज नाही, फीडरचा लाल प्लास्टिकचा भाग पुरेसा दिसतो.

आता थंडीत वारंवार ऐकू येणारा सल्ला: "साखर जास्त घाल, म्हणजे गोठणार नाही." हे शाळेतल्या रसायनशास्त्रानं तपासता येतं. पाण्यात काही विरघळलं की त्याचा गोठणबिंदू खाली येतो, आणि किती खाली येतो हे विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं. साखरेचा रेणू जड असतो, त्यामुळे वाटीभर साखरेतसुद्धा रेणूंची संख्या तुलनेनं थोडीच असते. एकास चार प्रमाणाचं गणित मांडलं तर गोठणबिंदू येतो उणे 1.2 अंशांच्या जवळपास. एकास तीन केलं तर उणे 1.6. फॅरनहाइटमध्ये बोलायचं तर 30 अंशांच्या ऐवजी 29. इतकी साखर वाढवून अर्धा अंशही हाती लागत नाही. 2021 च्या नाताळानंतर सिॲटलला पारा उणे 8 पर्यंत उतरला होता. तिथवर न गोठणारं पाणी हवं असेल तर पाण्याच्या वजनाएवढी तरी साखर घालावी लागेल, आणि ते पिणं पक्ष्याला जड जाईल. हमिंगबर्डची जीभ सेकंदाला पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करून पाणी ओढते. द्रव दाट झाला की प्रत्येक वेळी कमी चढतं.

तरीही कडाक्याच्या चार-पाच दिवसांत एकास तीन करायला हरकत नाही. कारण मात्र वेगळं: त्याच घोटात त्याला थोडी जास्त साखर मिळते. बर्फासारखं गार पाणी प्यायलं की ते पोटात 40 अंशांवर आणण्याचा खर्चही पक्ष्यालाच करावा लागतो. रूफस हमिंगबर्डवरच्या प्रयोगांत हा खर्च मोजला गेलाय आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्याच गोडीसाठी पाणी कमी प्यावं लागलं तर तापवायलाही कमी लागतं. थंडी ओसरली की परत एकास चारवर या. त्याहून दाट मात्र कधीच नको.

गोठत्या दिवसांची तयारी

सगळ्यांत भरवशाचा उपाय बिनखर्ची आहे: दोन फीडर ठेवायचे. अंधार पडल्यावर बाहेरचा आत आणायचा, पक्षी रात्री पीत नाहीत त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. पहाटे उजेड फुटायच्या आत, सिॲटलला डिसेंबरमध्ये सातच्या सुमारास, घरातला कोमट झालेला फीडर टांगायचा. दिवसाही पारा शून्याखाली असेल तर दर दोनेक तासांनी अदलाबदल करायची. घरात कुणी असेल तर एवढं पुरतं. कामावर जाणाऱ्यांना फीडरजवळ ऊब ठेवावी लागते. फीडरखाली बसवायचे छोटे हीटर बाजारात मिळतात. जुन्या पद्धतीचा पिवळा दिवाही चालतो, कमी वॉटचा, फीडरपासून थोड्या अंतरावर. इथे लोक फसतात ते एलईडीमुळे. एलईडी दिव्यातून पुरेशी उष्णताच निघत नाही, त्यामुळे नाताळातली नवी रोषणाई फीडरला गुंडाळून काहीही साधत नाही. जुन्या तारेच्या बल्बांची माळ असेल तर ती उपयोगी पडते. वायर आणि जोड बाहेरच्या पावसात चालणारे आहेत ना, एवढं नक्की बघा.

फीडर छपराच्या आडोशाला टांगावा. इथला पाऊस फीडरच्या भोकांतून आत शिरतो आणि साखरपाणी नकळत पातळ होत जातं. पक्षी पितोय असं आपल्याला दिसतं, पण त्याच्या पोटात निम्मंच जळण जात असतं. जागा निवडताना काचेचा विचार करा. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत तरी असावा, नाहीतर तीस फुटांपलीकडे. मधल्या अंतरावरून पक्षी वेगानं सुटतो आणि काचेवर आपटतो.

थंडीत बुरशी हळू वाढते, म्हणून सफाईला सुट्टी द्यायची असं नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो, थंडीत आठवड्यातून एकदा. गरम पाणी, बाटलीचा ब्रश, थोडं व्हिनेगर. पाणी गढूळ दिसलं तर दिवस मोजत बसू नका, लगेच ओता.

एकच नर फीडर बळकावून इतरांना हुसकावत असेल तर दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला लावा, पहिल्यापासून न दिसेल असा. मावळतीच्या गर्दीत पिल्लं आणि माद्यांना याचा फार उपयोग होतो.

कधीतरी कडक थंडीच्या सकाळी फीडरला उलटा लटकलेला पक्षी दिसेल. पाय घट्ट आवळलेले, डोळे मिटलेले. मेला असं समजून ओढून काढू नका. पुष्कळदा तो गुंगीत गेलेला असतो. त्याला हात लावू नका, मांजर जवळ येणार नाही एवढं बघा. अंग तापलं की तो आपला आपण सरळ होतो. जमिनीवर पडलेला असेल आणि बऱ्याच वेळानंतरही हलत नसेल, तर हवेला भोकं असलेल्या खोक्यात अलगद ठेवून जवळच्या वन्यजीव शुश्रूषा केंद्राला फोन करा.

डिसेंबरमध्ये भारतात जायचं असेल तर

हा आपल्या लोकांचा खास प्रश्न आहे, कारण शाळांना सुट्टी लागते, लग्नसराई असते आणि नेमके तेच तीन आठवडे इथल्या सगळ्यांत लांब रात्रींचे असतात. एरवी हमिंगबर्ड एका फीडरवर विसंबून नसतो. त्याचा फेरा ठरलेला असतो आणि त्यात शेजारची झुडपं, किडे, सॅपसकर नावाच्या सुतार पक्ष्यानं झाडाच्या सालीत पाडलेल्या भोकांतला रस, असं बरंच काही असतं. त्यामुळे हवा बरी असताना तुमचा फीडर नाहीसा झाला तर तो फेरा बदलतो. गोठत्या आठवड्यात मात्र त्या यादीतल्या बाकीच्या नोंदी एकदम पुसल्या जातात आणि उरतो तो फीडर. तेव्हाच तो रिकामा पडणं वाईट.

म्हणून आधी शेजाऱ्यांना विचारा. साखर मोजून ठेवा, दोन्ही फीडर दाखवा, सकाळची वेळ नीट समजावून द्या. बहुतेक लोक आनंदानं करतात, शाळकरी मुलं तर उत्साहानं. कुणीच मिळणार नसेल तर नोव्हेंबरमध्ये, हवा अजून सौम्य असतानाच, फीडर थोडा थोडा कमी भरत न्या आणि निघायच्या दोनेक आठवडे आधी उतरवून ठेवा. मग पक्ष्याला नवा फेरा बसवायला वेळ मिळतो. निघायच्या दिवशी काठोकाठ भरून जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. भरलेला फीडर पहिल्या कडक रात्री गोठतो, आणि हवा ऊबदार झाली तर आंबतो.

मुळात खायला घालावं का?

काही पक्षीप्रेमी विचारतात की निसर्गात ढवळाढवळ का करायची. प्रश्न रास्त आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेकडे हजारो सामान्य लोकांनी वर्षानुवर्षं पाठवलेल्या फीडरवरच्या नोंदी तपासल्या गेल्या. ॲनाज हमिंगबर्डचा हिवाळी मुलूख थंड प्रदेशाकडे सरकतोय आणि तो सरकण्याचा संबंध मानवी वस्तीशी व फीडरशी आहे, असं त्यातून निघालं. संग्रहालयांतल्या जुन्या-नव्या नमुन्यांवरून 2025 मध्ये आलेल्या एका अभ्यासानं तर फीडरच्या प्रसारासोबत या पक्ष्याच्या चोचीचा आकारही बदलत गेल्याचं दाखवलं. म्हणजे ढवळाढवळ होऊन गेलेली आहे. माझं मत असं की आपल्या बागांच्या आणि फीडरच्या आधारानं जो पक्षी इतक्या उत्तरेला राहायला आला, त्याला गोठत्या आठवड्यात वाऱ्यावर सोडणं बरं नाही. पण नियमानं, स्वच्छ, वेळेवर करणं जमणार नसेल तर सुरूच न करणं चांगलं. आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांनी झाडं लावावीत.

झाडांचं काम फीडरपेक्षा कमी नाही. महोनिया या झुडपाच्या काही जाती ऐन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिवळ्या तुऱ्यांनी भरून जातात आणि थंडीला दाद देत नाहीत. इथलीच ओरेगन ग्रेप त्यांची बहीण, ती थोडी उशिरा फुलते. मार्चमध्ये करंट नावाचं लाल फुलांचं झुडूप फुलतं, तेव्हा दक्षिणेहून परतणारे रूफस त्याच्यावर उतरतात. दाट पानांची एखादी सदाहरित झुडूप-रांग असली तर रात्रीचा निवारा होतो. कीटकनाशक मात्र फवारू नका. थंडीतल्या एखाद्या उन्हाच्या तासात हवेत नाचणारी चिलटं हे या पक्ष्याचं हिवाळ्यातलं प्रथिन आहे.

सिॲटलकडे ॲनाज हमिंगबर्डची मादी फेब्रुवारीतच घरटं बांधायला घेते, कधी जानेवारीच्या शेवटीही. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी मऊ कापूस आणि शेवाळ बांधलेली, अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढी ती वाटी असते, आणि पिल्लं वाढतात तशी ती ताणत जाते. अंडी एकटी मादीच उबवते, नर मदतीला येत नाही. त्यामुळे बर्फ पडत असतानाही ती अंड्यांवरून थोडाच वेळ उठू शकते. जवळचा न गोठलेला फीडर तिला तेव्हा सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. हिवाळा संपला असं समजून फेब्रुवारीच्या उन्हात फीडरचा हीटर काढू नका, आणि कुंपणाची झुडपं छाटायच्या आधी आत वाकून नीट बघा. ते घरटं फांदीवरच्या गाठीसारखं दिसतं, पहिल्या नजरेत सापडत नाही.